मुनस्यारीची कीडाजडी आणि आपला थकवा

हिमालय म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर बद्री-केदार उभे राहतात. गावोगावच्या यात्रा कंपन्यांच्या गाड्या दरवर्षी तिकडे जातात आणि तिकडूनच परततात. त्याच उत्तराखंडाच्या पूर्व टोकाला, नेपाळ आणि तिबेटच्या सरहद्दीला लागून पिथौरागड जिल्हा आहे. तो आपल्या यात्रेकरूंच्या वाटेवर सहसा येत नाही. या जिल्ह्यातील मुनस्यारी हे गाव आणि त्याच्या वरच्या अंगाची उंच कुरणे आज दूरदूर ओळखली जातात, ती एका बुरशीमुळे. तिकडचे लोक तिला कीडाजडी म्हणतात. नेपाळात तीच यार्सागुंबा. थकवा घालवणारी, दम वाढवणारी, म्हाताऱ्याला तरणा करणारी अशी तिची ख्याती आहे, आणि त्या ख्यातीपायी ती किलोला लाखो रुपयांनी विकली जाते.

आमच्या खात्याच्या कामात गेली तीस वर्षे मी शेतकऱ्यांना ढिंगरी आळंबीची लागवड शिकवत आलो. त्यामुळे ही कीडाजडी एकदा डोळ्यांनी पाहावी, असे फार दिवस मनात होते. तो योग २०२३ च्या जून महिन्यात आला. जे पाहिले, ऐकले आणि पुढे तपासून घेतले, ते वाचक बंधू-भगिनींपुढे ठेवतो.

दिल्लीहून रात्रीच्या गाडीने निघाले की पहाटे काठगोदामला उतरता येते. तिथे रेल्वे संपते आणि डोंगर सुरू होतो. काठगोदाम ते मुनस्यारी हे अंतर पावणेतीनशे किलोमीटरच्या वर आहे, पण आपल्याकडच्या सडकेचा हिशेब तिथे चालत नाही. अल्मोडा मागे टाकून, नद्यांच्या काठाने आणि देवदार-चीडाच्या रानातून जीप दिवसभर चालत राहते. वाटेत बिर्थीचा धबधबा लागतो. सव्वाशे मीटर उंचीवरून पाणी सरळ खाली येते. त्यानंतर चढण लागते ती कालामुनीच्या खिंडीपर्यंत. तिथे कालीमातेचे देऊळ असून नवस फेडणाऱ्यांनी बांधलेल्या घंटा सभोवार लटकलेल्या आहेत. खिंड ओलांडली की समोर एकदम पंचाचूलीची पाच हिमशिखरे उभी राहतात. पांडवांनी स्वर्गाच्या वाटेवर शेवटचा स्वयंपाक या पाच चुलींवर केला, अशी लोकांची श्रद्धा आहे. त्यांतले सर्वांत उंच शिखर ६९०४ मीटरचे आहे. खाली खोल दरीत गोरीगंगा वाहते आणि मध्ये, सुमारे २२०० मीटर उंचीवर, मुनस्यारी वसलेले आहे.

हा जोहार खोऱ्याचा मुलूख. येथले शौका लोक पिढ्यान् पिढ्या तिबेटशी व्यापार करीत. इकडून धान्य, गूळ, कापड न्यायचे आणि तिकडून मीठ, लोकर, टाकणखार आणायचा, असा तो व्यवहार होता. मेंढ्या-बकऱ्यांच्या पाठीवर गोण्या लादून बर्फाच्या खिंडी ओलांडायच्या. इंग्रजी अमदानीत मण्यांच्या माळेवर पावले मोजत तिबेटचा नकाशा तयार करणारे नैनसिंह रावत याच खोऱ्यातले. १९६२ च्या युद्धानंतर तो व्यापार बंद झाला आणि वरची मिलमसारखी गावे ओस पडत गेली. शेती म्हणावी तर पायऱ्या-पायऱ्यांची, हातभर रुंदीची. बटाटा, राजमा, थोडे जव आणि ओगल पिकते. अशा मुलखाला गेल्या पंचवीस-तीस वर्षांत नवा पैसा दिसला, तो कीडाजडीचा.

मुनस्यारीजवळच्या एका खेड्यात आम्ही एका घरी उतरलो होतो. घरातले बाप-लेक पाच आठवडे वर कुरणावर राहून नुकतेच खाली आले होते. ओसरीवर चादर पसरून घरच्या बाई दाताच्या ब्रशाने एकेक जडीची माती हलक्या हाताने काढीत होत्या. बोटाच्या दोन पेरांएवढी पिवळट तपकिरी अळी, तिच्या डोक्यातून निघालेला काळसर देठ, जळलेल्या आगकाडीसारखा. छत्री नाही, गर नाही. नवख्याच्या हाती दिली तर तो केर म्हणून फेकून देईल. एका किलोत असे तीन हजारांच्या आसपास नग बसतात.

ही जडी होते कशी, ते आपल्या शेतकऱ्याला समजावणे मला तरी अवघड वाटत नाही. उसात, भुईमुगात हुमणी लागली की आपण मेटारायझियम नावाची बुरशी शेणखतातून देतो. ती बुरशी हुमणीच्या अंगावर रुजते, आत शिरते आणि तिला मारते. मेलेली हुमणी कडक होते आणि तिच्यावर हिरवट बुरा चढतो. पांढरा बुरा आणणारी दुसरी बुरशी बिव्हेरिया. ती तर कॉर्डिसेप्सच्या कुळातलीच. कीडाजडीची तऱ्हा तीच आहे, पीक तेवढे वेगळे. साडेतीन हजार ते पाच हजार मीटर उंचीच्या कुरणांत एका पतंगाची अळी जमिनीखाली काही वर्षे गवताची मुळे खाऊन वाढते. उन्हाळा सरताना बुरशी तिला गाठते. अळी जमिनीच्या पृष्ठभागाजवळ येते, डोके वर करते आणि मरते. तिचे शरीर आतून बुरशीने भरून जाते. हिवाळाभर वर बर्फ असतो. मे महिन्यात बर्फ वितळला की अळीच्या डोक्यातून देठ फुटतो आणि गवतातून वर येतो. तिबेटी लोकांनी दिलेल्या नावाचा अर्थच 'उन्हाळ्यात गवत, हिवाळ्यात किडा' असा आहे.

देठ जमिनीवर जेमतेम दोन-चार बोटे दिसतो, तोही गवताच्या रंगाचा. म्हणून लोक पोटावर पडून, कोपरांवर सरकत कुरण धुंडाळतात. मे-जूनमध्ये गावेच्या गावे वर जातात. बायका जातात, शाळेतली पोरेही जातात. पॉलिथिनच्या पालात राहायचे, वितळलेले बर्फ प्यायचे, रात्री गोठवणारी थंडी सोसायची. हवा विरळ, त्यामुळे डोके ठणकते. बर्फावरच्या उन्हाने डोळे सुजतात. हिमकडे कोसळून माणसे दगावल्याच्या घटना घडतात. कुठले कुरण कुणाच्या वनपंचायतीचे यावरून गावागावांत भांडणे लागतात, ती निराळीच.

मी त्या बाईंना विचारले, "दीदी, एवढी ताकद देणारी वस्तू घरात आहे. तुम्ही खाता की नाही?"

त्या हसल्या. म्हणाल्या, "भाईजी, एका नगाचे शेकड्यांत पैसे येतात. ते पोराच्या शिक्षणाला लागतात. खाऊन कसे चालेल? आणि हा पोरगा बघा, वरून उतरल्यापासून चार दिवस झोपूनच आहे."

ओसरीच्या आत वीस-बावीस वर्षांचा मुलगा घोंगडीत पडला होता. गुडघे सुजलेले, ओठ फुटलेले. जगाचा थकवा घालवणारी जडी गोळा करून तो स्वतः थकून निजला होता. त्या घरात जे पाहिले त्यातले हे मला अधिक बोलके वाटले.

आता ख्यातीकडे वळू. तिबेटी वैद्यकात या जडीचा उल्लेख पंधराव्या शतकापासून सापडतो. चीनमध्ये ती श्रीमंतांच्या घरी बदकाच्या मांसात शिजवून खातात. पण जगभर नाव झाले ते १९९३ साली. त्या वर्षी चीनच्या महिला धावपटूंनी एकामागून एक जागतिक विक्रम मोडले. वांग जुनशिया हिने दहा हजार मीटरची शर्यत २९ मिनिटे ३१.७८ सेकंदांत पुरी केली आणि जुना विक्रम सुमारे ४२ सेकंदांनी मागे टाकला. त्यांचे शिक्षक मा जुनरेन यांनी यशाचे श्रेय कडक सराव, कासवाचे रक्त आणि ही अळीबुरशी यांना दिले. मग काय, बाजार पेटला. पुढे २००० सालच्या ऑलिंपिकआधी रक्ततपासण्या झाल्या आणि मा यांच्या हाताखालच्या अनेक धावपटूंना चीनने स्वतःच संघातून वगळले. जाहिरातींत मात्र १९९३ ची शर्यतच सांगितली जाते. २००० ची गोष्ट सांगितली जात नाही.

शास्त्रीय कसोटी कशी लागली, तेही पाहू. २००४ साली सरावलेल्या २२ सायकलपटूंवर चाचणी झाली. काहींना पाच आठवडे प्रयोगशाळेत वाढवलेल्या या बुरशीची पूड दिली, काहींना नुसती दिखाऊ गोळी. दमसासात फरक आढळला नाही. २०१० साली पन्नास ते पंचाहत्तर वर्षांच्या २० निरोगी माणसांवर बारा आठवडे प्रयोग झाला. व्यायामात दम लागण्याआधी थोडे अधिक काम त्यांच्याकडून झाले, पण प्राणवायू घेण्याची कमाल ताकद होती तेवढीच राहिली. वीस-बावीस माणसांवरून औषध ठरत नाही, हे शेतावर प्रात्यक्षिक प्लॉट घेणाऱ्या प्रत्येकाला कळते. एका वाफ्यावरून आपण वाणाची शिफारस करीत नाही. शिवाय २०१६ साली चीनच्या औषध प्रशासनानेच इशारा दिला. तपासलेल्या कीडाजडीत आणि तिच्या पुडीत किलोमागे ४.४ ते ९.९ मिलिग्रॅम आर्सेनिक, म्हणजे सोमल, आढळले. आरोग्य-आहारासाठी तिथली मर्यादा १ मिलिग्रॅमची आहे.

बुरशीत औषध नसते, असे मात्र कुणी समजू नये. पेनिसिलिन बुरशीनेच दिले. मूत्रपिंड बदललेल्या रुग्णाला देतात ते सायक्लोस्पोरिन तर कीडाजडीच्या नात्यातल्या बुरशीपासून मिळाले. पण त्या औषधांचा नेमका घटक वेगळा काढला गेला, मात्रा ठरली, हजारो रुग्णांवर पारख झाली. कीडाजडी अजून त्या पायरीवर आलेली नाही.

हे सारे मी ज्याच्यासाठी तपासले, ते कारण घरातलेच होते. माझ्या पुतण्याची बायको, वय तिशीच्या आतबाहेर. दुसऱ्या बाळंतपणानंतर दोन वर्षे झाली तरी तिच्या अंगात त्राण नव्हते. विहिरीवरून दोन खेपा केल्या की दम लागे, पाय ओढत चाले, दुपारी गोठ्याच्या उंबऱ्यावरच डोके टेकून बसे. सासू म्हणे, आळस आहे. पुतण्या बिचारा काळजीचा. त्याने तालुक्याच्या गावातून 'हिमालयीन बुरशी'च्या गोळ्यांची बाटली आणली. दुधाचे महिन्याचे पैसे तिच्यात गेले आणि गुण काही आला नाही. मी निघालो तेव्हा तो म्हणाला, "काका, ती बाटलीतली नकली असेल. तिकडून अस्सल आणा. शेळ्या विकून पैसे देतो."

मी कीडाजडी आणली नाही. त्या दीदींच्या घरचा राजमा दोन किलो आणला. परतल्यावर सूनबाईला ग्रामीण रुग्णालयात नेले. रक्त तपासले, तर हिमोग्लोबिन ७.४. बाईमाणसाचे १२ च्या खाली गेले की रक्तक्षय म्हणतात. डॉक्टरीणबाईंनी शांतपणे विचारपूस केली, तेव्हा पाळीत अंगावरून फार जाते हे तिने प्रथमच कुणाला सांगितले. दोन वर्षे घरात ते कुणी विचारले नव्हते. पाळीचा उपचार झाला, जंताची गोळी दिली, लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या. तीन महिन्यांनी आकडा दहाच्या वर गेला, सहाव्या महिन्यात बाराला टेकला. लोहाच्या गोळ्या सरकारी दवाखान्यातून फुकट मिळाल्या होत्या. शेळ्या गोठ्यातच राहिल्या.

ही एका घरची गोष्ट नाही. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील पंधरा ते एकोणपन्नास वर्षांच्या १०० पैकी ५४ स्त्रियांना रक्तक्षय आढळला. म्हणजे खुरपणीला बसलेल्या ओळीतली प्रत्येक दुसरी बाई. तिचा थकवा आपण आळस, वय, नशीब किंवा कामाचा भार म्हणून सोडून देतो. थकवा हा रोग नव्हे, ती खूण आहे. पीक पिवळे पडले की आपण लगेच युरिया टाकत नाही. पाणी साचले का, मुळाला कीड आहे का, लोह कमी आहे का, ते आधी पाहतो. माणसाचेही तसेच. रक्तक्षय, थायरॉईड, मधुमेह, क्षय, ब-१२ जीवनसत्त्वाची उणीव, मनाचा आजार, अपुरी झोप, या सगळ्यांची पहिली खूण थकवाच असते. दोन आठवडे विश्रांती घेऊनही थकवा हटत नसेल तर तपासणी करावी. सोबत ताप, खोकला, वजन घटणे किंवा धाप असेल तर तेवढीही वाट पाहू नये.

लोहाच्या गोळीने शौच काळी होते, क्वचित मळमळते. त्याला भिऊन गोळी सोडू नये, डॉक्टरांना सांगावे. जेवणाबरोबर किंवा जेवल्याबरोबर चहा घेऊ नये, त्याने अन्नातले लोह अंगी लागत नाही. उलट भाकरी-भाजीवर लिंबू पिळले तर ते अधिक लागते. शेतात आणि परसात अनवाणी फिरण्याने अंकुशकृमी पायातून शिरतात आणि आतड्यात रक्त शोषतात. म्हणून पायात चप्पल हवी.

मग आपल्या आळंबीचे काय? ती जरूर खावी, पण अन्न म्हणून. ताज्या ढिंगरीत शंभराला नव्वद भाग पाणी असते आणि प्रथिने तीनेक भाग. ब गटातली काही जीवनसत्त्वे असतात. ब-१२ साठी मात्र तिच्यावर विसंबू नये. तिचा एक गुण फार थोड्यांना ठाऊक आहे. आळंबी चिरून भर दुपारच्या उन्हात ठेवली की तिच्यातल्या एका घटकापासून ड जीवनसत्त्व तयार होते. आपल्या कातडीत उन्हाने घडते तसेच हे आहे. तेव्हा ढिंगरी सावलीत न वाळवता उन्हात वाळवावी, म्हणजे डबा भरतो आणि गुणही वाढतो.

ढिंगरी भाताच्या पेंढ्यावर, गव्हाच्या काडावर, सोयाबीनच्या भुशावर येते. वीस ते तीस अंश तापमान आणि ओलसर हवा असली की पुरे. टोप्यांच्या कडा वर वळण्याआधी काढणी करावी. उशीर केला तर बीजाणू हवेत उडतात आणि बंद खोलीत काम करणाऱ्याला खोकला-दमा लावतात. आजकाल नारिंगी रंगाची कॉर्डिसेप्स मिलिटॅरिस ही दुसरी जात तांदळाच्या बरण्यांत, थंड खोलीत वाढवण्याचे वर्ग निघाले आहेत. ती लागवड खरोखर होते. पण यंत्रसामग्री महाग, माल विकणे अवघड, आणि 'आम्हीच सगळे विकत घेऊ' हे आश्वासन पुष्कळदा कागदावरच राहते. आधी खात्रीचा गिऱ्हाईक पाहावा, मग बरणी घ्यावी.

आणखी एक सांगणे पावसाळ्याचे. रानात, वारुळावर उगवणारी आळंबी कोकण-गोव्यापासून विदर्भापर्यंत आवडीने खातात, आणि जुनी जाणती माणसे ती बरोबर ओळखतात. पण जाणत्याने न दाखवलेली रानआळंबी घरात आणू नये. चांदीचा चमचा काळा पडतो का, लसूण रंग बदलते का, किड्याने खाल्ली आहे का, यांतली एकही परीक्षा खरी नाही. अत्यंत विषारी जातींचा त्रास सहा-बारा तासांनी सुरू होतो आणि तोवर विष यकृतापर्यंत पोचलेले असते. उलट्या-जुलाब थांबले तरी घरी राहू नये. उरलेली आळंबी पिशवीत घालून रोग्याबरोबर दवाखान्यात न्यावी.

मुनस्यारीच्या कुरणांवर आता जडी पूर्वीसारखी मिळत नाही, असे तिथले सगळेच सांगतात. देठातून बीजाणू पडण्याआधीच ती उपटली जाते, त्यात हिमालयाचा हिवाळा ऊबदार होत चालला आहे. २०२० साली आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाने तिची नोंद धोक्यातल्या जातींत केली. गेल्या पंधरा वर्षांत ती किमान तीस टक्क्यांनी घटल्याचा त्यांचा अंदाज आहे. उद्या कुरण रिकामे झाले तर त्या दीदींच्या घरी काय उरेल? पायऱ्यांची शेती आणि तिच्यातला राजमा. त्या राजम्याला आता भौगोलिक मानांकन मिळाले आहे. तो चवीला उत्तम असून त्यात प्रथिने आणि लोहही आहे. आपल्याकडे तीच जागा हुलगा, मटकी, नाचणी आणि शेवग्याच्या पाल्याची. या वस्तू किलोला लाखाने विकल्या जात नाहीत, म्हणून त्यांचे मोल आपल्याला वाटत नाही एवढेच.

घरात कुणी सारखे थकत असेल तर बाटली शोधण्याआधी त्या माणसाशेजारी घटकाभर बसावे आणि काय होते ते विचारावे. मग उपकेंद्रात रक्त तपासून घ्यावे. त्याला बोटाला टोचण्याइतकाच त्रास आहे.